उलटी प्रदक्षिणा

गेल्या वर्षीचा ऑक्टोबरमधला एक शनिवार. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम दोन वाजता, आणि आम्ही नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोनला दहा कमी असताना घरातून निघालेलो. मागच्या सीटवर लेक, तिच्या मांडीवर चकल्यांचा डबा. स्टुटगार्टजवळच्या आमच्या छोट्या गावाच्या वेशीवर, सुपरमार्केटपाशी एक क्रायझल आहे. क्रायझल म्हणजे आपल्याकडचं सर्कल. मी आत शिरलो, अर्धं वळण घेतलं, आणि तेवढ्यात उजवीकडच्या रस्त्यावरून एक क्रीम रंगाची जुनी गाडी न थांबता, न बघता, थेट माझ्या पुढ्यात! मी करकचून ब्रेक दाबला. गाडीला गाडी लागली नाही, पण चकल्यांचा डबा उघडून सगळ्या चकल्या गाडीभर झाल्या. मी लांबलचक हॉर्न दिला आणि दादरच्या सवयीने एक हात हवेत उडवून मराठीत जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. (लेकीने नंतर त्या शब्दांचा अर्थ विचारला, तो भाग वेगळा.)

तालमीच्या चहासाठी दूध घ्यायचं होतं म्हणून त्याच सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वळलो, तर ती क्रीम रंगाची गाडी तिथेच उभी. आतून एक आजोबा उतरले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. मी भांडायच्या तयारीत होतो, पण ते आधी माझ्या मुलीकडे वाकून म्हणाले, "तुला लागलं तर नाही ना?" मग माझी माफी मागितली आणि म्हणाले, "मी १९६१ साली गाडी शिकलो. तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की आत येणारा आधी, सर्कलमधल्याने थांबायचं. आताचा नियम मला माहीत आहे हो. पण कधी कधी पाय जुनंच ऐकतो."

मला वाटलं, ही आपली सबब. सर्कलमध्ये फिरणाऱ्याने आत येणाऱ्यासाठी थांबायचं, असा उफराटा नियम कुठे असतो का? आणि तोही जर्मनीत? रात्री मुलगी झोपल्यावर कुतूहल म्हणून शोधायला बसलो, आणि मग पुढचे कितीतरी शनिवार-रविवार त्यातच गेले. आजोबा अगदी खरं बोलत होते. जे हाती लागलं ते तुम्हां सगळ्यांना सांगावं म्हणून हा लेखप्रपंच. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने इथल्या क्रायझलवर एकदा तरी कुणाच्या तरी नावाने बोटं मोडलेली आहेत!

गोल फिरायला सुरुवात कुणी केली?

जर्मनीतलं पहिलं सर्कल म्हणून मान मिळतो तो ग्यॉर्लिट्झ गावातल्या ब्राउटवीझनप्लाट्झ या चौकाला. ग्यॉर्लिट्झ म्हणजे जर्मनीचं पार पूर्वेचं टोक, नाइसे नदीच्या पलीकडे पोलंड. साल सांगतात १८९९. त्या वेळी मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणजे गोल फिरायच्या त्या मुख्यतः घोडागाड्या.

पॅरिसमध्ये युजेन एनार नावाच्या वास्तुरचनाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना नीट शास्त्रशुद्ध मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. चौकात अपघात होतात ते गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात म्हणून. सगळ्यांना मध्यभागाभोवती एकाच दिशेने फिरवलं, तर छेदण्याऐवजी मार्ग एकमेकांत मिसळतील आणि पुढे वेगळे होतील. आर्क द त्रिओंफ ज्या चौकात उभी आहे त्या एत्वाल चौकात बारा रस्ते येऊन मिळतात. तिथे १९०७ साली एकाच दिशेने गोल फिरण्याची पद्धत सुरू झाली.

इंग्लंडमध्ये लेचवर्थ या नव्याने वसवलेल्या गावात १९०९ च्या सुमारास पहिलं सर्कल झालं. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे कुठल्या बाजूने फिरायचं हेच ठरलेलं नव्हतं. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून. डावी बाजू धरा असं सांगणाऱ्या पाट्या तिथे १९३२ साली लागल्या. म्हणजे गोंधळलेला ड्रायव्हर हा प्राणी सर्कलइतकाच जुना आहे!

आपली मुंबईही यात फार मागे नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याने दादर-माटुंगा भाग आखून वसवला. किंग्ज सर्कल त्यातलंच. आता त्याचं नाव माहेश्वरी उद्यान, पण टॅक्सीवाल्याला आजही किंग्ज सर्कलच सांगावं लागतं. तिथून दक्षिणेला आलं की खोदादाद सर्कल, म्हणजे दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्राम कायमची थांबली, पण नावात ती अजून उभी आहे. माझं बालपण याच भागातलं. त्यामुळे सर्कल म्हणजे मध्ये बाग, बागेत कबुतरं आणि भोवती अखंड हॉर्न, अशी माझी व्याख्या होती. आधी कोण जाणार, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नसे. ज्याची गाडी मोठी त्याची पाळी आधी, आणि बेस्टची बस सगळ्यांच्या आधी.

उजवीकडचा आधी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जर्मनीत जिथे वेगळी पाटी नाही अशा चौकात 'रेख्ट्स फोर लिंक्स', म्हणजे डावीच्या आधी उजवी हा नियम. तुमच्या उजवीकडून जो येईल त्याला आधी जाऊ द्या. इथल्या लायसन्सच्या अभ्यासातला हा श्रीगणेशा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो घोकला आहे, कारण भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं आणि मग लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात.

हा नियम साध्या चौकात उत्तम चालतो. पण तो सर्कलला लावून बघा. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे सर्कलभोवती आपण घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. सर्कल डाव्या हाताला, आणि आत येणारे सगळे रस्ते उजव्या हाताला. म्हणजे 'उजवीकडचा आधी' म्हटलं की आत शिरणारा प्रत्येक जण आधी आणि आत फिरणाऱ्याने दर रस्त्यापाशी थांबायचं! आजोबा १९६१ साली हेच शिकले होते.

आपल्याकडे काय? भारताच्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही, मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच म्हटलं होतं. शब्द जवळजवळ तेच. पण आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि सर्कलभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे शिरणाऱ्याच्या उजवीकडे असतो तो आधीच आत फिरत असलेला. आपोआप आतल्याला अग्रक्रम! आम्हां कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम तोच, मशीन बदललं, आणि उत्तर बरोब्बर उलटं आलं.

अजून एक जाता जाता. देवाची प्रदक्षिणा आपण देव उजव्या हाताला ठेवून घालतो. आपल्याकडच्या सर्कलमध्येही मधली बाग उजव्या हाताला असते, म्हणजे नकळत रीतसर प्रदक्षिणाच होते. जर्मनीत आलो की ती उलटी. सुरुवातीच्या दिवसांत क्रायझल दिसला की माझा हात आपोआप डावीकडे स्टिअरिंग वळवू बघायचा तो उगाच नाही. पायांप्रमाणे हातही जुनंच ऐकतात.

सर्कल का बदनाम झालं

दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेली जर्मन शहरं मोटारींचा विचार करून पुन्हा बांधली गेली. हान्स बेर्नहार्ड रायशो या नगररचनाकाराने १९५९ साली लिहिलेल्या पुस्तकाचं नावच 'मोटारीला साजेसं शहर' अशा अर्थाचं होतं. हानोफर शहरात रुडोल्फ हिलेब्रेश्ट यांनी १९४८ पासून शहररचनेची सूत्रं हाती घेतली आणि रुंद रस्ते, मोठाली सर्कल्स आखली. हानोफरचं तेव्हा देशभर कौतुक झालं.

पण मोटारी वाढल्या आणि मोठी सर्कल्स तुंबू लागली. का, ते कुठल्याही कॉम्प्युटर इंजिनिअरला दुसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरामुळे पटकन कळेल. आत शिरणाऱ्याला अग्रक्रम असेल तर गर्दीच्या वेळी गाड्या आत येतच राहतात. आतला प्रत्येक जण पुढच्याच्या मागे अडकतो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या मागे, आणि शेवटी साखळी फिरून पहिल्यापाशी येते. बाहेर पडायला कुणालाच जागा नाही, आणि आत यायला मात्र सगळे मोकळे. याला आम्ही 'डेडलॉक' म्हणतो. एडवर्ड कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली डेडलॉकच्या चार अटी मांडल्या, त्यातली एक म्हणजे असं वर्तुळाकार अडकून राहणं. आम्ही त्या पाठ करून मार्क मिळवले, पण त्याच अटी क्रायझलवर दिसतात हे तेव्हा सुचलं नव्हतं.

अनेक मोठ्या सर्कलवर मग सिग्नल आले, कित्येक सर्कल्स काढून साधे चौक झाले. बर्लिनचा ग्रोसर श्टेर्न, म्हणजे विजयस्तंभाचा तो प्रचंड गोल, आजही सिग्नलवरच चालतो. पॅरिसच्या एत्वाल चौकात मात्र अजूनही जुनाच नियम आहे, शिरणारा आधी. तिथे गाडी घालण्याचं धाडस मी एकदा केलं. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, आता परत येताना मेट्रो.

एक ओळ बदलली

उपाय सापडला तो इंग्लंडमध्ये. तिथल्या सरकारी रस्ता संशोधन प्रयोगशाळेत फ्रँक ब्लॅकमोर हे अभियंते चौकांवर प्रयोग करत होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनने नियम केला की सर्कलमध्ये शिरणाऱ्याने आतल्याला वाट द्यायची. बस्स, एवढंच. ना नवा पूल, ना नवा सिग्नल. पण साखळी तुटली. आतल्याला बाहेर पडता येऊ लागलं, त्यामुळे जागा आपोआप रिकामी होऊ लागली. कॉफमनच्या अटींच्या पाच वर्षं आधी या मंडळींनी रस्त्यावरचा डेडलॉक सोडवला होता!

त्याचा दुसरा फायदा ब्लॅकमोर यांनी दाखवला. आतल्याला अग्रक्रम दिला की सर्कल मोठं असण्याची गरजच उरत नाही. छोटं सर्कलही भरपूर गाड्या पचवतं. शिवाय छोटं म्हणजे वळण तीव्र, आणि वळण तीव्र म्हणजे वेग कमी.

फ्रान्सने १९८४ मध्ये हाच नियम घेतला आणि तिथे सर्कलचं पीकच आलं. जर्मनीला १९८० च्या दशकाच्या अखेरीस जाग आली. बोखुमच्या रूर विद्यापीठात प्राध्यापक वेर्नर ब्रिलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायझलचा बारकाईने अभ्यास केला, आणि नोर्डराइन-वेस्टफालेन राज्यात १९९५ पासून अगदी चिमुकल्या सर्कलचेही प्रयोग झाले. आज इथे गावात दिसणारं नेहमीचं क्रायझल बाहेरून बाहेरून मोजलं तर साधारण २६ ते ४० मीटर व्यासाचं असतं, आणि चिमुकलं १३ ते २२ मीटरचं.

सुरक्षिततेचं गणितही सोपं आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडतात अशा ३२ जागा निघतात, एकपदरी सर्कलमध्ये फक्त ८. आणि त्या आठांतही समोरासमोर किंवा काटकोनात धडक होण्याची जागा एकही नाही. अमेरिकेत २४ चौकांची सर्कल्स केल्यानंतर २००० साली अभ्यास झाला, त्यात माणसं जखमी होतात असे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचं दिसलं.

मग राहिला कायदा. १९९० च्या दशकात जर्मनीत नवी सर्कल्स बांधली गेली तेव्हा प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी 'वाट द्या'चा उलटा त्रिकोण लावून काम भागवलं जात होतं. १ फेब्रुवारी २००१ पासून रस्ता वाहतूक नियमावलीत खास सर्कलसाठी कलम ९अ आलं आणि सोबत २१५ क्रमांकाची पाटी आली. निळा गोल, त्यात एकमेकांचा पाठलाग करणारे तीन पांढरे बाण. २०१३ च्या नव्या नियमावलीत हे कलम आठव्या कलमात विलीन झालं. त्रिकोण आणि त्याच्याखाली निळा गोल अशी जोडी दिसली की आतल्याला अग्रक्रम. ही जोडी नसेल आणि दुसरी कुठली पाटीही नसेल, तर? तर आजही 'उजवीकडचा आधी'! वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये, मध्ये एखादं झाड असलेल्या गोल चौकात हे हमखास भेटतं. म्हणजे आजोबांचा १९६१ चा नियम मेलेला नाही, फक्त गल्लीत राहायला गेला आहे.

हे सगळं वाचल्यावर माझा राग बराच उतरला. त्या माणसाने चाळीस वर्षं एक नियम पाळला, मग एका फेब्रुवारी महिन्यात देशाने त्याला सांगितलं की आता पाटी दिसली की उलटं. आमच्या धंद्यात जुन्या प्रणालीवरून नवीवर जाताना सहा महिने प्रशिक्षण, मदतकक्ष, बैठका. इथे फक्त एक पाटी.

आणि मग माझी पाळी

एवढं सगळं ज्ञान मिळवून मी क्रायझलचा पंडित झालो होतो. मार्चमधल्या एका सकाळी त्याच सर्कलमधून ऑफिसला चाललो होतो. शिरताना आतल्याला वाट दिली, शिरताना इंडिकेटर दिला नाही, बाहेर पडताना उजवा दिला. सगळं पुस्तकाप्रमाणे. बाहेरच्या रस्त्याला लागलो आणि सायकलवरची एक शाळकरी मुलगी माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर! सर्कलच्या कडेच्या सायकलपट्टीवरून ती सरळ चालली होती. तिने माझ्याकडे बघितलं, काहीच बोलली नाही आणि निघून गेली. माझे पाय लटपटत होते.

चूक पूर्ण माझी. सर्कलमधून बाहेर पडणं म्हणजे कायद्याने वळणंच. वळणाऱ्याने रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांना आणि पाटी वेगळं सांगत नसेल तर बाजूच्या सायकलस्वारांना आधी जाऊ द्यायचं असतं. मी डावीकडून येणाऱ्या गाड्यांचा इतका अभ्यास केला होता की उजवीकडच्या सायकलकडे बघायचंच राहिलं. त्या मुलीच्या वडिलांच्या लेखी त्या सकाळी गोंधळलेला ड्रायव्हर कोण होता? मी. आणि माझ्याकडे तर १९६१ ची सबबही नव्हती.

म्हणून चार गोष्टी, उपदेश म्हणून नव्हे, स्वतःलाच बजावायला लिहितो.

निळ्या पाटीच्या सर्कलमध्ये शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचाच. शिरणारे सगळेच लुकलुकू लागले तर बाहेर कोण पडतंय ते कुणालाच कळणार नाही.

आत असताना कुणाला सौजन्याने "या, या" म्हणत थांबायचं नाही. गाडी शिकताना मी हे केलं होतं. माझे शिक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही घरी पाहुणे बोलावलेत का?" साखळी अडते ती अशीच.

हॉर्न हा धोका असेल तेव्हा द्यायचा, राग आला म्हणून नाही. इथल्या नियमावलीत वस्तीत हॉर्नला तेवढीच परवानगी आहे. आणि डोक्याला बोट लावून 'चक्रम आहेस का' विचारणं हा इथे अपमानाचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. दादरची सवय दादरलाच ठेवलेली बरी.

आणि चौथी, सगळ्यात जुनी. या नियमावलीचं पहिलंच कलम अग्रक्रमाबद्दल नाही. सतत सावध राहा आणि एकमेकांचा विचार करा, असं ते सांगतं. अकरावं कलम त्यापुढे जातं. परिस्थितीच तशी असेल तर ज्याचा हक्क आहे त्यानेही तो सोडायचा. म्हणजे समोरचा चुकणार हे दिसत असताना 'पण माझा अग्रक्रम होता' असं म्हणत त्याच्यावर जाऊन आदळायला कायदाही सांगत नाही. हक्क कुणी कुणाला द्यायचा हे प्रत्येक देशाने आणि प्रत्येक काळाने वेगवेगळं ठरवलं, कधी चक्क उलटंही केलं. समोरच्याकडे बघायचं, एवढं मात्र कुठेच बदललेलं नाही.

ते आजोबा अधूनमधून दिसतात. आता सर्कलच्या तोंडाशी ते पूर्ण थांबतात, अगदी रस्ता मोकळा असला तरी. मागचे कधी कधी हॉर्न देतात. मी त्यांच्या मागे असलो तर देत नाही. यंदाच्या चकल्यांमधल्या थोड्या त्यांच्या घरी द्यायच्या, असं लेकीने ठरवलं आहे. डबा मात्र या वेळी घट्ट झाकणाचा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! कार्यक्रमाला वेळेवर या, आणि सावकाश गाडी चालवत या.